सेंट लुबिन : नानांच्या दरबारातला फ्रेंच वकील

* सेंट लुबिन : फ्रेंच वकील. आधी हैदरअलीच्या पदरी वावरलेला हा बोलघेवडा गृहस्थ मार्च १७७७ मध्ये चौलला उतरला आणि मे महिन्यात पुण्यात आला. सोळाव्या लुईचे पत्र आणल्याचे तो सांगे. देऊ केले काय? अडीच हजार गोरे सैनिक, दहा हजार शिपायांना कवायत, शिवाय दारूगोळा. बदल्यात फ्रेंचांची नजर चौल बंदरावर होती.

पेशव्यांचे कारभारी नाना फडणविसांनी त्याचा थाटात सत्कार केला. त्याच्या थापा नानांना कळत नव्हत्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. इंग्रज वकील मॉस्टिनची झोप उडवायला हा पाहुणा पुरेसा होता. काम साधल्यावर १७७८ मध्ये नानांनी त्याला निरोप दिला.

मुंबईकर इंग्रज मात्र या फ्रेंच बागुलबुवाचे निमित्त पुढे करून पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांसह बोरघाट चढले. जानेवारी १७७९ मध्ये ते तळेगावपर्यंत आले. पुण्याच्या वाटेवरचे, आज महामार्गालगत असलेले ताथवडेही त्यांना गाठता आले नाही. माघारी फिरताना वडगावला कोंडी होऊन त्यांना तह करावा लागला. लुबिनने कबूल केलेली फ्रेंच पलटण पुण्याला कधीच आली नाही. — संपादक