खूण कीं चमत्कार ?



आजच्या भाषणाचा विषय एक शब्द आहे. तो ग्रीक भाषेंतला असून ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारांत सुमारें ७७ वेळां आलेला आहे. ‘सेमेइऑन’ हा तो शब्द. येशू ख्रिस्तानें पाण्याचा द्राक्षारस केला, जन्मांधाला दृष्टि दिली, मेलेल्या लाजराला थडग्यांतून उठविलें, ह्या कथा ऐकून आपण सहज ‘चमत्कार’ म्हणतों. परंतु ज्या योहानाच्या शुभवर्तमानांत ह्या तिन्ही कथा आहेत, त्याचा कर्ता ह्या कृत्यांना ‘सेमेइऑन’, म्हणजे ‘खूण’, असें म्हणतो. चमत्कार आणि खूण ह्या दोहोंत अंतर किती आहे, आणि त्या अंतरापायीं इतिहासांत काय घडलें, हें थोडक्यांत सांगावें असा माझा हेतु आहे. हा विषय केवळ ख्रिस्ती माणसांचा आहे असें कोणीं समजूं नये. अद्भुत गोष्टीला धर्मांत किती मान द्यावा, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. ‘सेमेइऑन’ हा शब्द ‘सेमा’ ह्या त्याहून जुन्या शब्दापासून निघाला. होमरच्या ‘इलियड’ काव्यांत मृत वीराच्या अस्थींवर रचलेल्या मातीच्या उंच राशीला ‘सेमा’ म्हटलें आहे. त्याच काव्यांत बेल्लेरोफॉन नांवाच्या तरुणाची कथा आहे. घडीच्या फळीवर त्याच्या घाताचा संदेश चिन्हांनीं कोरून ती त्याच्याच हातीं दिली आणि त्याला दूर देशच्या राजाकडे पाठविलें. तीं चिन्हें म्हणजेहि ‘सेमा’च. पुढें ‘सेमेइऑन’ हा शब्द व्यवहारांत नाना ठिकाणीं रूढ झाला. लढाईंतील निशाण, पहारेकऱ्याचा इशारा, मोहोरेचा ठसा, वैद्यानें रोग्याच्या ठायीं ओळखलेलें लक्षण, ह्या सर्वांना हा एकच शब्द लागू पडे.

भूमितीच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट मौजेची वाटेल. युक्लिडनें इ. स. पू. ३०० च्या सुमारास जो ग्रंथ रचिला, त्यांतील पहिलीच व्याख्या बिंदूची आहे, आणि बिंदूला त्यानें योजिलेला शब्द ‘सेमेइऑन’ हाच आहे. ज्याला भाग नाहींत तो बिंदु, असें तो सांगतो. फळ्यावर खडूनें ठिपका काढून ही व्याख्या मीं कितीक वर्षें मुलांना शिकविली. खडूच्या ठिपक्याला लांबी-रुंदी असते, बिंदूला ती नसते. म्हणून ठिपका ही बिंदूची नुसती खूण, हें मुलांच्या मनावर ठसविणें सोपें नसतें. खुणेकडेच पाहत राहावें आणि ती कशाची खूण आहे तें विसरावें, ही खोड मात्र केवळ मुलांचीच नव्हे.

तर्कशास्त्रांत ह्या शब्दाची छाननी ॲरिस्टॉटलनें केली. खुणांमध्यें त्यानें दोन जाती मानल्या. एक जात अकाट्य. तिला तो ‘तेकमेरिऑन’ म्हणतो. मनुष्याला ताप आहे, तर तो आजारी आहेच. दुसरी जात साधी. तिला वेगळें नांव नाहीं. मनुष्याचा श्वास जोरानें चालला आहे, म्हणून त्याला ताप असेल असें वाटतें. परंतु ताप नसलेल्या मनुष्यालाहि धाप लागूं शकते. साधी खूण अनुमानाची वाट दाखविते, पण बुद्धीला बांधून टाकीत नाहीं. नव्या करारांत ‘तेकमेरिऑन’ हा शब्द एकदांच, प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभीं, येतो. ‘सेमेइऑन’ मात्र ७७ वेळां. पुरावा आणि खूण ह्यांची गल्लत करूं नये, हें ह्या आंकड्यांवरूनहि ध्यानीं येईल.

आतां यहूदी लोकांकडे वळूं. त्यांचे धर्मग्रंथ मुख्यतः हिब्रू भाषेंत होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकांत ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरीं त्यांचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. हिब्रूंत ‘ओथ’ असा एक शब्द आहे. भाषांतरकारांनीं त्याला बहुतेक ठिकाणीं ‘सेमेइऑन’ हा प्रतिशब्द दिला. हा ‘ओथ’ कोठें कोठें येतो तें पाहावें. भावाचा खून करणाऱ्या काईनाला कोणीं मारूं नये म्हणून देवानें दिलेली खूण, जलप्रलयानंतर नोहाला दाखविलेलें धनुष्य, अब्राहामाच्या वंशांतील सुंतेचा विधि, विसाव्याचा शब्बाथ वार, मिसर देश सोडण्याच्या रात्रीं दारांना लावलेलें कोंकराचें रक्त, हीं सारीं ‘ओथ’ आहेत. ऊन-पावसाच्या मेळानें इंद्रधनुष्य दिसतें, त्यांत सृष्टिनियमाचा भंग कोठें आहे ? त्याला खूण केलें तें त्यामागच्या वचनानें. यशया संदेष्टा तीन वर्षें उघड्या अंगानें व अनवाणी हिंडला. मिसरी व कूशी लोक बंदिवान होऊन असेच नेले जातील, हें त्याला लोकांच्या डोळ्यांपुढें उभें करावयाचें होतें. तेंहि चिन्हच. अर्थात् मोशेच्या काठीचा साप झाला, ही कथाहि चिन्हांतच मोडते. पण अद्भुतपणा हा चिन्हाचा प्राण नव्हे. संदेश हा प्राण होय.

ह्याच्याहि पुढचें एक पाऊल अनुवाद ह्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायांत टाकिलें आहे. एखादा संदेष्टा चिन्ह सांगेल आणि तें घडूनहि येईल. परंतु तो जर लोकांना परक्या दैवतांच्या मागें नेऊं लागला, तर त्याचें ऐकूं नये, असा तेथें दंडक आहे. प्रचीति आली कीं सत्य सांपडलें, असें मानणाऱ्या मनाला हा मोठाच तडाखा होय.

आणि तो तडाखा किती आवश्यक होता हें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील घडामोडींवरून कळतें. तेव्हां यहूदी लोकांवर रोमन सत्ता होती. करांचें ओझें, परकी सैन्याचा जाच, आणि पूर्वजांना मोशेनें सोडविलें ह्याची नित्य आठवण, ह्यांमुळें जो तो सुटकेच्या खुणेची वाट पाहत होता. जोसीफस हा यहूदी इतिहासकार त्या काळचाच. तो सांगतो कीं, फादस नांवाचा रोमन अधिकारी असतां, म्हणजे इ. स. ४४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, थ्यूदास नांवाचा एक मनुष्य उठला. यार्देन नदी दुभंगून वाट करून देतों असें सांगून त्यानें मोठा जमाव जमविला. रोमन घोडेस्वारांनीं जमावाची कत्तल केली आणि थ्यूदासाचें मस्तक कापून यरुशलेमास आणिलें. पुढें फेलिक्सच्या अमदानींत कांहीं लोकांनीं जनतेला रानांत नेलें. तेथें देव स्वातंत्र्याच्या खुणा दाखवील, असें त्यांचें सांगणें होतें. येथें जोसीफसनें वापरलेला शब्द ‘सेमेइऑन’चेंच अनेकवचन आहे. फेलिक्सनें त्यांच्यावर फौज पाठविली आणि पुष्कळांचा संहार झाला.

सर्वांत दारुण प्रसंग इ. स. ७० मधील. टायटसच्या सैन्यानें यरुशलेमचें मंदिर पेटविलें होतें. त्या दिवशीं एका भोंदू संदेष्ट्यानें शहरांत पुकारा केला कीं, मंदिरांत चढून जा, तेथें तुम्हांला तारणाच्या खुणा मिळतील. त्याच्या शब्दावर विसंबून बायका, मुलें व इतर लोक मिळून सुमारें ६,००० जण बाहेरच्या पडवीवर जाऊन थांबले. शिपायांनीं पडवीला खालून आग लावली. त्यांतून एकहि जीव वांचला नाहीं, असें जोसीफस लिहितो. तो स्वतः त्या वेळीं रोमन छावणींत होता, आणि रोमनांकडे त्याचा कल होता, हें लक्षांत घेऊनहि ही हकीकत वाचतांना मन सुन्न होतें. ‘खूण’ ह्या शब्दावर त्या काळीं माणसें प्राण टांगीत होतीं, हें जाणून मगच शुभवर्तमानें वाचावीं.

हीं शुभवर्तमानें त्या काळच्या रोजच्या बोलण्यांतील ग्रीक भाषेंत लिहिलेलीं आहेत. ईजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या पपायरसावरील पत्रें, करारनामे व पावत्या ह्यांवरून जर्मन पंडित डाइसमान ह्यांनीं आपल्या १९०८ सालच्या ग्रंथांत हें विस्तारानें दाखविलें. ज्याच्या अंगावर ओळखीची खूण नाहीं, अशा मनुष्याला त्या कागदांत ‘असेमॉस’ म्हणतात. आणि आपलें तार्स नगर कांहीं ‘असेमॉस’ नव्हे, असें पौल अभिमानानें सांगतो. पौल आपलीं पत्रें दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि शेवटचा नमस्कार स्वहस्तें लिही. प्रत्येक पत्रांत हीच माझी खूण, असें तो एके ठिकाणीं म्हणतो, आणि तेथेंहि शब्द ‘सेमेइऑन’ आहे. आपल्याकडील जुन्या कागदांवर कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असे, किंवा निरक्षर मनुष्य आंगठा उठवी, त्याच जातीची ही खूण. यहूदा इस्कर्योतानें येशूला पकडून देतांना चुंबनाची खूण ठरविली, ती सांगतांना मत्तयानें हाच शब्द योजिला आहे. आणि बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूतानें जी खूण सांगितली ती कोणती ? बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविलेलें एक मूल. गरिबाघरचें मूल गव्हाणींत निजावें ह्यांत अद्भुत तें काय ?

येशूच्या अलौकिक कृत्यांसाठीं ग्रीक भाषेंत दुसरे शब्द नव्हते असें नाहीं. ‘तेरास’ म्हणजे पाहणाऱ्याला दिङ्मूढ करणारें अद्भुत. ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य, सामर्थ्याचें कृत्य. ‘डायनामाइट’ हें नांव ह्याच शब्दावरून आलें. मत्तय, मार्क व लूक हे बहुधा ‘दुनामिस’ म्हणतात. ‘तेरास’ हा शब्द नव्या करारांत १६ वेळां येतो. पण एकदांहि एकटा येत नाहीं, प्रत्येक वेळीं ‘सेमेइऑन’ त्याच्या जोडीला असतो. नुसतें अद्भुत त्या लेखकांना पुरेसें वाटलें नाहीं, असेंच ह्यावरून म्हणावें लागतें. मार्क सांगतो कीं, परूशी येऊन आकाशांतून खूण दाखव म्हणूं लागले, तेव्हां येशूनें आंतून उसासा टाकिला आणि साफ नकार दिला. हेरोद राजालाहि कांहीं तरी खूण पाहण्याची हौस होती. त्याला एका शब्दानेंहि उत्तर मिळालें नाहीं.

योहानानें मात्र ‘सेमेइऑन’ हाच आपला शब्द केला. त्याच्या शुभवर्तमानांत तो १७ वेळां आहे. त्यांतील सहावा अध्याय ह्या सर्व विषयाची किल्ली होय. जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्या ह्यांवर ५,००० पुरुष जेवले, आणि उरलेल्या तुकड्यांनीं १२ टोपल्या भरल्या. लोकांनीं तें पाहिलें आणि येशूला बळेंच राजा करण्याचा बेत केला. तेव्हां तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशीं तेच लोक शोधीत आले. त्यांना तो म्हणतो कीं, तुम्ही खुणा पाहिल्या म्हणून आलां नाहींत, पोटभर भाकरी खाल्ली म्हणून आलां. विचार करा, ह्या लोकांनीं चमत्कार पाहिला नव्हता काय? पाहिला होता, त्याचा घांसहि घेतला होता. पण खूण त्यांना दिसलीच नाहीं. आणि पुढें तेच विचारतात कीं, आम्हीं विश्वास ठेवावा म्हणून तूं कोणती खूण दाखवितोस ! चमत्कार डोळ्यांनीं दिसतो. खूण अर्थ कळल्यावांचून दिसत नाहीं. दोन शब्दांमधलें अंतर ह्याहून स्पष्ट कसें सांगावें ?

भाषांतरांत हें अंतर कधीं राखलें गेलें, कधीं बुजलें. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें लॅटिन भाषांतर केलें, त्यांत ‘सेमेइऑन’ला ‘सिग्नुम’, म्हणजे खूण, असाच शब्द आहे. इंग्लंडांत १६११ सालीं निघालेल्या भाषांतरांत मात्र योहानाच्या १७ पैकीं १३ ठिकाणीं ‘मिरॅकल’ हा शब्द पडला. १८८१ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत तेथें ‘साइन’ आलें. मधल्या २७० वर्षांत इंग्रजी वाचकाच्या मनांत चमत्कार हाच शब्द घट्ट बसला होता. त्याच मुदतींत, १७४८ सालीं, डेव्हिड ह्यूमनें चमत्कार म्हणजे सृष्टिनियमाचा भंग अशी व्याख्या करून त्याविरुद्ध आपला प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. तेव्हांपासून वाद चालला तो ‘हें घडलें काय ?’ ह्या एकाच प्रश्नावर. तो प्रश्न रास्तच आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तो टाळूं नये. पण योहानाच्या शब्दाचा प्रश्न निराळा होता : हें कशाकडे बोट दाखवितें ?

मराठींत ही कथा फार जुनी आहे. फादर स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापून निघालें. त्यांत काना गांवच्या लग्नाची कथा मराठी ओव्यांत आलेली आहे. सीरामपूरच्या कॅरेसाहेबांनीं १८११ सालीं नवा करार मराठींत काढिला. पंडिता रमाबाईंनीं तर हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, सामान्य बायकांनाहि समजेल अशा सोप्या मराठींत सगळें बायबल उतरविलें. १९२२ सालीं त्या वारल्या, आणि १९२४ सालीं तें केडगांवच्या मुक्ति मिशनांतून प्रसिद्ध झालें. आज प्रचलित असलेल्या मराठी पवित्र शास्त्रांत योहानाच्या ह्या शब्दाला ‘चिन्ह’ आणि ‘तेरास’ला ‘अद्भुत’ असे वेगवेगळे शब्द आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

‘चमत्कार’ हा शब्द संस्कृतांतील ‘चमत्’ ह्या आश्चर्याच्या उद्गारापासून झाला. म्हणजे तो पाहणाऱ्याच्या मनाची स्थिति सांगतो. ‘चिन्ह’ हा शब्द पाहणाऱ्याला पुढें चालावयास लावतो. आश्चर्य ओसरलें कीं मनुष्य दुसरें आश्चर्य मागतो, आणि मागणारे पुष्कळ झाले कीं पुरविणारेहि निपजतात. यरुशलेमच्या पडवीवर जळून मेलेल्या त्या सहा हजारांना खुणेची भूक होती. ती कशाची खूण आहे आणि ती दाखविणारा त्यांना कोठें नेतो आहे, हें विचारण्याची फुरसत मात्र त्यांना कोणीं दिली नाहीं. भाविकानें श्रद्धा ठेवावी, चिकित्सकानें चिकित्सा करावी. पण अद्भुत म्हणून कांहीं कानांवर आलें कीं दोघांनींहि हा एक प्रश्न आधीं विचारावा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.