भांड्यावरचं नाव

मुंबई-गोवा रस्त्यावरून रत्नागिरीला जायचा रस्ता जिथे फुटतो, त्या हातखंब्याच्या तिठ्याला एक जुनी सवय होती. एस. टी.तून उतरलेल्या माणसाकडे तो आधी बघतच नसे. त्याच्या सामानाकडे बघे. गणपती किंवा शिमगा तोंडावर आला, की भल्या पहाटे मुंबईची गाडी थांबायची, टपावरून एकेक नग खाली यायचा आणि चहावाल्यापासून गाडीवानापर्यंत सगळे मनातल्या मनात पंचनामा करायचे. नुसती पिशवी असली, तर स्वारी अजून बदलीवरच आहे. पत्र्याची ट्रंक असली, तर गिरणीत कायम झाली. ट्रंक, वळकटी आणि वर रेडिओचा खोका असला, तर मात्र, "जॉबर झाला की काय हा?" माणसानं तोंड उघडायच्या आत त्याचं सामान त्याचं चरित्र सांगून मोकळं होई. तेव्हा वस्तूंवरून माणूस ओळखायचा रोग परवापरवा टी. व्ही.नं आणला, असं कुणी म्हणू नये. टी. व्ही. मुंबईतच आला १९७२ साली. रोग त्याच्या कितीतरी आधीचा.

फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. त्या ट्रंकेवर पांढऱ्या तैलरंगात मालकाचं नाव आणि खाली 'मु. पो. हातखंबा, जि. रत्नागिरी' असं ठसठशीत लिहिलेलं असे. ही हौस नव्हती, गरज होती. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढं सव्वाशे वर्षं रत्नागिरी जिल्ह्यानं गिरण्यांना माणसं पुरवली. ही माणसं लालबाग-परळच्या चाळींतून, गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहत. दहा-बारा हातांची खोली आणि वीस-पंचवीस देह. पहिल्या पाळीचा उठून गेला, की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. अंथरुणाची जागासुद्धा धड आपली नाही. आपली म्हणजे एक खुंटी आणि ती ट्रंक. तसं पाहिलं तर पत्ता ट्रंकेचा होता. माणूस तिच्या आसपास राहत असे.

वस्तूंनी माणसाची किंमत ठरवण्याचा मोठा बाजार भरे तो लग्नात. १९६१ साली आपल्या देशात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. बंगळूरला एच. एम. टी.ची मनगटी घड्याळं निघू लागली आणि दिल्लीत हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. त्यातली घड्याळं चालली. इतकी, की मुलगा काय करतो याच्या जोडीला मुलाला घड्याळ कुणी घातलं हाही प्रश्न होऊन बसला. घड्याळाच्या आशेवर कित्येक जावई मांडवात तासन् तास रुसून बसले. वेळ बघायला घड्याळ नव्हतं म्हणून किती वेळ रुसलो हे त्यांनाही कळलं नसेल! एच. एम. टी.चा घड्याळांचा धंदा २०१६ साली गुंडाळायचं ठरलं. कायदा आहे. चालतो का, ते विचारू नका.

मुलीबरोबर जात ती भांडी, आणि भांड्यांवर नावं. भांडीवाला छोट्या हातोडीनं छिन्नीवर टकटक करीत टिंबाटिंबांनी अक्षरं उमटवी. पुढं विजेचं यंत्र आलं आणि तो टकटकीचा झाला घर्रघर्राट. तपेली, घागर, परात, वाट्यांचा जोड, पार लोणी काढायच्या पळीपर्यंत नाव. या नावांना आम्ही पुष्कळ हसलो. पण एकदा सातबारा आणि फडताळ शेजारी शेजारी ठेवून वाचावं. सातबाऱ्यावर आधी वडील, मग भाऊ. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ साली मिळाला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांना. देशभर तो कायदा व्हायला २००५ उजाडलं. तोवर कोकणातल्या कितीतरी बायकांचं नाव लग्नपत्रिकेनंतर लेखी स्वरूपात उरलं ते फक्त पितळेवर. त्यांची सगळी जमीनजुमला म्हणजे एक परात आणि दोन तपेली. पण मालकीबद्दल वाद नाही. पुरावा बुडालाच कोरलेला!

मग स्टील आलं. कल्हईची कटकट गेली म्हणून बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पितळ मोडीत निघालं. पाठोपाठ १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसले. अनेक गिरण्या पुन्हा धड उघडल्याच नाहीत. तिठ्यावर ट्रंका उतरल्या, पण या वेळी बिनसणाच्या, आणि पंचनामा करायचं कुणाच्या जिवावर येईना. जॉबर होता, तो आता कोण? गिरणी गेली आणि ओळख गेली. ट्रंकेवरचा पत्ता तेवढा खरा ठरला. घराघरांतून उरलंसुरलं तांबं-पितळ बाजारात गेलं. मोडीच्या दुकानात वजन फक्त धातूचं होतं. कोरलेल्या नावाला तिथे वजन नसतं.

त्याच काळात तेलाचा भाव चढलेल्या आखातात कोकणातली पुष्कळ मुलं गेली. ती येताना जाड खोके आणीत, सुतळीनं आवळलेले. त्या खोक्यांवर दोन नावं असत. एक छापील, जपानी कंपनीचं. दुसरं जाड पेननं लिहिलेलं, आपल्या माणसाचं. छापील नाव मोठं होतं, आणि पोरं तेच आधी वाचत. इतिहासाचं पान उलटलं ते इथे. १९९१नंतर बाजार मोकळा झाला आणि हातानं लिहिलेलं नाव हळूहळू पुसलंच गेलं. आता गाडीतून उतरणाऱ्या मुलाच्या छातीवर, पाठीवर, बुटांवर आणि टोपीवर परक्या कंपन्यांची नावं असतात. भांड्याच्या जुन्या नियमानं वाचायचं, तर ज्याचं नाव तो मालक! आमच्या पिढीतल्या एखाद्या आजीनं हा मुलगा वाचला, तर ती त्याला कंपनीकडे पोचता करून येईल.

पण भांड्यावर नाव घालायचं खरं कारण वेगळंच होतं. गावात कार्य निघालं, की भांडी भाड्यानं आणायची पद्धत नव्हती. वाडीतल्या घराघरांतून तपेली, पराती, घागरी निघत, कार्यघरी जात आणि पंगती उठल्यावर मागीलदारी घासून ढीग लागे. मग कुणीतरी काकू कंदील धरून एकेक बूड वाचीत आणि पोरांना पिटाळीत, "ही वरच्या आळीतली, ही विहिरीजवळची." वस्तू घराबाहेर जायची आणि परत यायची, म्हणून तिला नाव लागे. आज हजारोंचा मोबाईल खिशात असतो, पण त्याच्यावर आपलं नाव कोरून घ्यावं असं कुणाच्या मनात येत नाही. तो आपण कुणाला देतच नाही.