तळाच्या सुराची हकीकत



गाणे ऐकताना आपले लक्ष कुठे असते? आधी गाणाऱ्याच्या गळ्याकडे, मग शब्दांकडे, मग मध्येच वाजलेल्या एखाद्या सनईच्या किंवा सतारीच्या तुकड्याकडे. त्याच गाण्याच्या तळाशी एक जाड, ढाला सूर सारखा चालत असतो. त्याच्याकडे मुद्दाम कुणी कान देत नाही. तो थांबला, की मात्र चुकल्याचुकल्यासारखे होते. घराच्या जोत्यासारखेच आहे हे. पाहुणा कमानीची आणि रंगाची वाखाणणी करून जातो. जोत्याचे दगड पाहायला कोण वाकतो?

पाश्चात्य नाचगाण्यांत हे तळाचे काम गेली सत्तर वर्षे मुख्यतः एका वाद्याने केले आहे. त्याचे नाव बास गिटार. रोज रात्री कुठल्या तरी नाचघरात उभे राहून, दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवून पोट भरणारे वादक होते. त्यांच्या अडचणीतून हे वाद्य जन्मले. दुसऱ्याचे गाणे असे वाजवणे याला तिकडे ‘कव्हर’ म्हणतात आणि असल्या ताफ्याला ‘कव्हर बँड’. या ताफ्यांत कोपऱ्यात उभा राहणारा जो बासवाला, त्याची ही हकीकत.

आधी अडचण काय होती ते पाहू. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतल्या नाचाच्या वाद्यवृंदांत तळाचा सूर ‘डबल बास’ नावाचे वाद्य धरीत असे. व्हायोलिनच्या जातीचे, पण माणसाहून उंच असे हे लाकडी धूड. मोटारीत ते मावायचे नाही आणि पावसात भिजू द्यायचे नाही. सूर शोधायला त्यावर सतारीसारखे पडदेही नसतात. बोट सुतभर इकडेतिकडे झाले, की सूर हलला. एवढे करून ऐकू किती येणार? शेजारी कर्णे आणि ढोल, आणि १९३० नंतर विजेवर वाजणारी गिटारही आलेली. बासवाल्याने बोटांना फोड येईपर्यंत तारा ओढाव्यात आणि मागच्या रांगेला पत्ताही लागू नये, असा प्रकार. एव्हरेट हल नावाच्या एका बासवादकाने १९४० च्या दशकात डबल बासच्या पायाच्या खुंटीत मायक्रोफोन बसवून पाहिला. खुंटीला इंग्रजीत ‘पेग’ म्हणतात. त्यावरूनच पुढे ‘अँपेग’ ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

आता यात थोडे शास्त्र आहे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. इतका खालचा सूर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतो. तो ऐकवायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा पडदा असलेला स्पीकर हवा आणि विजेचा जोरही हवा. जिथे गिटारला ५० वॉट पुरतात, तिथे बासला दोनशे-तीनशे लागतात. नुसता मोठा स्पीकर आणूनही भागत नाही. तो उघडा ठेवला, तर त्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींचा परिणाम मारून टाकतात आणि खालचा सूर नाहीसा होतो. म्हणून त्याला पेटीत बसवावे लागते. बासवाल्याच्या मागे नेहमी एक मोठे खोके दिसते, ते यासाठी.

पहिला प्रयत्न अमेरिकेतल्या सिएटल शहरी झाला. पॉल टटमार्क या संगीतशिक्षकाने १९३६ च्या सुमारास भरीव लाकडाची, पडदे असलेली, गिटारसारखी आडवी धरायची विजेची बास बनवली. पण ती फारशी खपली नाही. कल्पना पंधरा वर्षे तशीच पडून राहिली.

मग कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर पुढे आले. हे गृहस्थ गिटार वाजवणारे नव्हेत. १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. वादक आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन त्यांच्याकडे येत, गाऱ्हाणी सांगत आणि फेंडर ऐकत. १९५१ साली त्यांनी जी बास बाजारात आणली, ती म्हणजे या सगळ्या गाऱ्हाण्यांना दिलेले उत्तर होते. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे डबल बासहून बरीच कमी. अंग भरीव लाकडाचे. चार तारा. मानेवर पडदे, म्हणजे बोट पडद्यामागे दाबले की सूर नेमका मिळणार. म्हणूनच नाव ठेवले ‘प्रिसिजन’, अर्थात नेमकेपणा. पाठोपाठ १९५२ साली तिच्या जोडीला ‘बासमन’ नावाचा ध्वनिवर्धक आला. त्यात १५ इंची एकच स्पीकर आणि जोर सुमारे २६ वॉट. आजच्या मानाने अगदीच चिमुकला, पण वादक एका हातात वाद्य आणि दुसऱ्या हातात ध्वनिवर्धक घेऊन मोटारीत बसू शकला, ही काही लहान गोष्ट नव्हे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित वाद्यवृंदात आधी रॉय जॉन्सन आणि मग मंक माँटगोमेरी यांनी हे वाद्य वाजवले, तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या. पुष्कळांना ते खेळण्यासारखे वाटले. नाचघरांचा निकाल मात्र वेगळा लागला: सूर ऐकू येतो ना, मग झाले!

आता जर्मनीतल्या हँबुर्ग बंदराकडे वळू. कव्हर बँडचे जिणे कसे असते, ते तिथे चांगले कळते. १९६० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूलची पाच पोरे तिथल्या ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात नोकरीला लागली. त्यांच्या ताफ्याचे नाव बीटल्स. पुढे जगभर गाजलेले हे नाव त्या वेळी कुणी ऐकलेले नव्हते. चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स अशा अमेरिकन गायकांची गाणी वाजवायची, हाच धंदा. करार असा, की रोज रात्री साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचे. १९६१ साली ‘टॉप टेन’ क्लबात तर तीन महिने, रोज सात-सात तास. मध्ये थोडी विश्रांती, की पुन्हा उभे राहा!

बास होती स्टुअर्ट सटक्लिफ या तरुण चित्रकाराकडे. एक चित्र विकून आलेल्या पैशांत त्याने ती घेतली होती. त्याचे मन मात्र रंगांत. १९६१ साली त्याने ताफा सोडला आणि तो हँबुर्गलाच चित्रकला शिकायला राहिला. दुर्दैवाने १९६२ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी तो वारला. बास आता घ्यायची कुणी? गिटार सोडून मागे जायला कुणी तयार नव्हते. शेवटी ती पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडली. त्यांनी हँबुर्गच्याच एका दुकानातून ‘हॉफनर’ नावाची जर्मन बास घेतली, किंमत सुमारे ३० पौंड. फेंडरची याहून कितीतरी महाग. हॉफनरचा आकार व्हायोलिनसारखा, दोन्ही बाजूंनी सारखा. डावखुऱ्या मॅकार्टनींनी उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. आतून पोकळ म्हणून वजनाला हलकी. सात तास खांद्यावर वागवायची, तर हा गुण सोन्यासारखा! सूरही वेगळाच, गोल आणि दबका. ठोका पडला की लगेच विरणारा.

लिव्हरपूलला परतल्यावर एड्रियन बार्बर या स्थानिक वादकाने त्यांना १५ इंची स्पीकरची एक उंच पेटी बांधून दिली. तिचा आकार पाहून पोरांनी तिला शवपेटी म्हणायला सुरुवात केली. दोघांनी उचलायची, जिन्यातून न्यायची, रात्री परत आणायची. पण तिच्यामुळे खालचा सूर सभागृहात घुमू लागला.

अशा ताफ्यात बासवाला शिकतो काय? पहिली गोष्ट, ऐकणे. मूळ गाण्याची तबकडी पुनःपुन्हा लावून, गळा आणि गिटार बाजूला सारून, खालचा सूर शोधायचा. घरगुती यंत्रावर तो धड उमटतही नसे. अर्धा ऐकायचा आणि अर्धा ताडायचा. दुसरी गोष्ट, ढोलाशी जमवून घेणे. पायाने वाजणारा मोठा ढोल आणि बासचा ठोका एकाच क्षणी पडला, तर नाचणाऱ्यांची पावले जमिनीला लागतात. केसभर मागेपुढे झाले की नाच ढिला पडतो. तिसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. घरी एकटे बसून जो सूर भरदार आणि गोड वाटतो, तो ताफ्यात हरवतो. खालची कंपने फार वाढवली, तर सभागृह नुसते घुमते आणि सूर कळेनासा होतो. म्हणून अनुभवी वादक ध्वनिवर्धकावर खालचा भाग थोडा कमी करून मधला भाग वाढवतो. स्वतःचा सूर एकट्याने ऐकायला बरा वाटतो की नाही, हे तो विचारीत नाही. गाणे उभे राहते ना, एवढेच पाहतो.

हीच वृत्ती अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी एका माणसाने कळसाला नेली. त्यांचे नाव जेम्स जेमरसन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलायना राज्यातला. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये ‘मोटाऊन’ ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली. एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. जेमरसन दिवसा तिथे वाजवीत आणि रात्री शहरातल्या क्लबांत. मूळचे ते डबल बासवाले. पुढे १९६२ सालची प्रिसिजन बास त्यांच्या हाती आली आणि तिला त्यांनी सोडले नाही. नखी नाही, दोन बोटेही नाहीत. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवीत. तारा जाड आणि सपाट गुंडाळीच्या. तुटल्याखेरीज त्या बदलायच्या नाहीत, असा शिरस्ता. घोडीच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा, म्हणजे सूर लांबत न राहता ठोक्यासारखा उमटावा. क्लबांत अँपेग कंपनीचा १९६० साली निघालेला ‘पोर्टाफ्लेक्स’ ध्वनिवर्धक. काम झाले की त्याचा वरचा भाग उलटा करून पेटीतच बंद करता येई. एवढ्या साध्या सामग्रीवर त्यांनी गाण्याच्या तळाशी दुसरे एक गाणे चालवले. मॅकार्टनींसह जगभरच्या बासवादकांनी त्यांच्यापासून धडे घेतले.

आणि गंमत पाहा, किंवा खेद म्हणा. हा माणूस कोण, हे त्या तबकड्या लाखांनी विकत घेणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. मोटाऊनच्या वेष्टनावर गायकाचे नाव असे, वादकांचे नसे. १९७१ साली मार्विन गे यांच्या एका तबकडीसंग्रहावर ते नाव छापले गेले. तोवर दहा वर्षे उलटून गेली होती. १९७२ साली संस्था लॉस एंजेलिसला हलली. १९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जेमरसन वारले. मरणापूर्वी थोडेच दिवस त्यांची ती बास चोरीला गेली होती. ती त्यांना परत मिळाली नाही.

मॅकार्टनींची १९६१ सालची हॉफनरही चोरीला गेली होती, १९७२ साली, लंडनमध्ये, एका गाडीतून. पण तिचा माग काढायला पन्नास वर्षांनंतरही माणसे धावली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले. दोन वाद्ये, दोन चोऱ्या. मला वाटते, फरक एवढाच, की एकाच्या मालकाचे नाव साऱ्या जगाला पाठ होते.

हा प्रश्न एकट्या डेट्रॉइटचा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि वाद्यवृंदाची रचना करणाऱ्यांनी केवढी कामगिरी केली! अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. आपल्या तबकड्यांवर चित्रपटाचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव असे. वादकांची नावे सहसा नसत. त्यांची गाणी आपण तोंडपाठ म्हणतो आणि त्यांना ओळखत मात्र नाही.

वाद्याची सामग्री पुढे बदलत गेली. १९६९ साली अँपेगने ३०० वॉटचा, चौदा व्हॉल्व्हांचा ध्वनिवर्धक काढला. त्याचा नुसता वरचा भागच चाळीस किलोच्या आसपास. त्याखालची आठ स्पीकरांची पेटी निराळीच. आज तेवढाच जोर दोन-तीन किलोंच्या पेटीत मावतो आणि लग्नसमारंभात वाजवणाऱ्या तरुणाची पाठ वाचते. काम मात्र तेच आहे: मागे उभे राहायचे आणि तळ धरायचा.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. एखादे जुने चित्रपटगीत आधी मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर लावा, मग मोठ्या पेटीच्या स्पीकरवर. दुसऱ्या वेळी मुलांना सांगा: गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, सर्वांत खालचा सूर कुठे जातो ते बोटाने हवेत दाखवा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर मुले तो सूर पकडतील. मग त्यांना विचारा, हा कोण वाजवतो आहे? नाव शोधून आणायला सांगा. काही गाण्यांचे सापडेल, काहींचे नाही. जे सापडेल ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.