बडोद्याचे जर्मन माळी : गुस्ताव क्रुंबिगेल

वसंत व्याख्यानमालांतून राजे, सेनापती, संत आणि कवी ह्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. आज आम्ही एका माळ्याचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. हा माळी जर्मनीत जन्मला, इंग्लंडमध्ये कामाला लागला, एका मराठी राजाच्या चाकरीत बडोद्यास आला आणि शेवटी बंगलोरच्या मातीत विसावला. त्यांचे नाव गुस्ताव हर्मान क्रुंबिगेल. बंगलोरास त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्याकडे मात्र ते नाव फारसे कोणी ऐकलेले नाही.

त्यांना माळी म्हणणे काहींना खटकेल. ते मोठ्या हुद्द्यावर चढले, दोन संस्थानांच्या बागा त्यांच्या हाताखाली होत्या, हे खरेच. पण त्यांची सुरुवात वाफ्यात बसून झाली होती आणि तीच त्यांच्या विद्येची शाळा होती. आमची सारी हयात कामगारांच्या चळवळीत गेली. त्यामुळे कोणतीही मोठी वास्तू किंवा बाग पाहिली की आमच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. हे काम कोणी केले? त्याला ते कोणी शिकविले? आणि केलेले टिकले ते कशाच्या जोरावर? क्रुंबिगेल ह्यांचे चरित्र आपण ह्या तीन प्रश्नांच्या उजेडात पाहू.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. युरोपात बाग म्हणजे पूर्वी राजवाड्याचे अंगण असे. दोरी लावून आखलेल्या वाटा, कात्रीने कापलेली झुडपे आणि मधोमध कारंजे, अशी तिची मांडणी. मग इंग्लंडात निराळी तऱ्हा निघाली. जमिनीचा मूळचा चढउतार ठेवावा, वाट वळणावळणाने न्यावी, झाडांचे पुंजके असे लावावेत की पाहणाऱ्यास ते आपोआपच उगवलेसे वाटावेत. जर्मनीत ही विद्या पेटर योसेफ लेने ह्यांच्यासारख्यांनी वाढविली. लेने ह्यांनी राजांच्या बागा आखल्याच, पण १८२० नंतरच्या दशकात माग्डेबुर्ग शहरासाठी नगराच्या खर्चाने लोकांची बागही आखून दिली. राजाच्या अंगणातली बाग गावच्या मालकीची होऊ शकते, ही कल्पना त्या काळी नवी होती. क्रुंबिगेल ज्या परंपरेत वाढले ती ही.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजी सॅक्सनी प्रांतात ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावी झाला. बागकामाचे शिक्षण त्यांनी पिलनित्स येथे घेतले. एल्ब नदीच्या काठी तेथे राजवाडा आहे आणि त्याच्या बागेत कमेलियाचे एक जुने झाड आहे. हे झाड तेथील थंडीत तगावयाचे नाही. म्हणून दर हिवाळ्यात त्याच्याभोवती घर उभे करून आत ऊब देतात आणि ऋतू पालटला की ते काढतात. १८०१ साली लावलेले ते झाड ह्याच निगराणीवर आजही फुलते आहे. परक्या मुलुखातले झाड आपल्या हवेत जगवायचे तर किती पिढ्यांचे हात लागतात, ह्याचा धडा तेथल्या शिकाऊ माळ्यास रोज डोळ्यांसमोर दिसत असे. क्रुंबिगेल ह्यांना पुढे जन्मभर हेच करायचे होते. फरक एवढाच की तेथे शत्रू थंडी होती आणि येथे ऊन.

शिक्षणानंतर त्यांनी श्वेरीन आणि हॅम्बुर्ग येथे काम केले. १८८८ साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये फुलांचे ताटवे आखण्याचे काम त्यांनी केले आणि पुढे क्यू येथील राजकीय वनस्पती-उद्यानात ते रुजू झाले. जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले बी क्यूमध्ये पेरले जाई आणि उपयोगी ठरलेली रोपे साम्राज्याच्या निरनिराळ्या मुलुखांत पाठविली जात. रबर आणि सिंकोना ह्यांच्या रोपांचा जगप्रवास तेथूनच झाला. म्हणजे फुलांची हौस आणि व्यापाराचा हिशेब, दोन्ही तेथे एकाच छपराखाली नांदत होते. वसाहतींच्या बागांवर पाठवायची माणसेही तेथेच तयार होत.

१८९३ साली क्रुंबिगेल बडोद्यास आले आणि संस्थानच्या बागांचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथे महाराज सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घराण्यातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला, हे आपण सर्व जाणतोच. ह्याच १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला. विश्वामित्रीच्या काठची कमाटी बाग, जिला आज सयाजी बाग म्हणतात, ती १८७९ साली घातलेली. तिच्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि ती लोकांना खुली झाली. शाळा, ग्रंथालय, संग्रहालय आणि बाग ह्या चारी गोष्टी प्रजेच्या हक्काच्या, असे मानणाऱ्या राजाकडे हा माळी येऊन पडला. बडोद्यास त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली. उटकमंड येथील गायकवाडांच्या वाड्याची बागही त्यांनी सजविली.

त्यांच्या कामाचा लौकिक म्हैसूरच्या कृष्णराज वडियार महाराजांच्या कानी गेला. त्यांनी बडोद्याकडून हा माणूस मागून घेतला आणि १९०८ साली क्रुंबिगेल बंगलोरच्या लालबागेत रुजू झाले. ही बाग हैदरअलीने १७६० साली घातलेली; आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. क्रुंबिगेल ह्यांच्या आधी तेथे क्यूचेच जॉन कॅमेरॉन होते. काचमहाल त्यांच्याच काळातला.

लालबागेत क्रुंबिगेल ह्यांनी बागेकडे शेतकऱ्याच्याही दृष्टीने पाहिले. सोयाबीन, रशियन सूर्यफूल, अमेरिकन मका, ऱ्होड्स गवत, अशी कितीतरी परदेशी वाणे त्यांनी संस्थानात आणून लावून पाहिली. आज वऱ्हाडात कपाशीच्या शेजारी सोयाबीन उभे दिसते. ते आपल्याकडे पुष्कळ पुढे आणि निराळ्या वाटेने आले. पण शतकापूर्वी ह्या देशात ते पारखून पाहणाऱ्यांत एक माळी होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९१२ साली म्हैसूर उद्यानविद्या मंडळ स्थापन झाले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. फुलांची प्रदर्शने, माळीकामाचे शिक्षण आणि व्याख्याने ह्यांची घडी बसली. १९३२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी एच. सी. जवराया आले. लालबागेचा कारभार आता भारतीय हातांत आला होता. आमच्या मते ही क्रुंबिगेल ह्यांच्या कारकिर्दीतली फार मोठी गोष्ट आहे. आपले काम दुसऱ्याच्या हाती देता येईल इतके त्याला शिकविणे, ही उत्तम कारागिराची खूण होय. कसब मुठीत झाकून ठेवणारा मिस्त्री कारखान्यात चार दिवस मान मिळवितो, पण त्याच्यामागे खाते बसते.

कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन बाग आहे. दिवाण मिर्झा इस्माईल ह्यांच्या उत्साहाने ती उभी राहिली आणि तिच्या आखणीत क्रुंबिगेल ह्यांचा हात होता. आपल्याकडचे पुष्कळ लोक सहलीस जाऊन ती पाहून येतात. पण आम्हांस त्यांचे थोर काम दुसरेच वाटते, आणि ते पाहावयास तिकीट पडत नाही. बंगलोरच्या रस्त्यांवर त्यांनी झाडे लावविली ती बहराचे वेळापत्रक मनात धरून. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा; ह्या रस्त्यावर आज जांभळा जॅकरंडा फुललेला असावा, तर पुढच्या महिन्यात त्या रस्त्यावर लाल गुलमोहोर. अशा रीतीने शहरात बाराही महिने कोठे ना कोठे फूल असावे. पुढच्या उद्यानाधिकाऱ्यांनी ही रीत चालू ठेवली आणि बंगलोरास बागांचे शहर हे नाव मिळाले. बाग पाहावयास फुरसत लागते. रस्त्यावरचे झाड मात्र पाळीवरून परतणाऱ्या माणसालाही सावली आणि फूल देते. बडनेऱ्यात कापडाची गिरणी चालू होती तेव्हा दुपारच्या सुटीत कामगार निंबाखालची जागा धरावयास धावत, हे येथील अनेकांना आठवत असेल.

आता ह्या चरित्रातली कडू बाजू. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील जर्मन माणसे इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरली. क्रुंबिगेल तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ह्या देशात त्यांची सेहेचाळीस वर्षे गेली होती. तरी त्यांना कुटुंबासह बंगलोरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ज्या शहरात त्यांनी सावली लावली त्याच शहरात त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंदी आली. माणसाची किंमत त्याच्या कामावरून करावी की जन्मगावावरून, हा प्रश्न आम्हां कामगारांना नवा नाही. पोटासाठी परमुलुखात गेलेल्या मजुराला आजही तो विचारला जातो. सुटका झाल्यावर क्रुंबिगेल मायदेशी परतले नाहीत. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी बंगलोरासच त्यांचे निधन झाले. लालबागेत त्यांच्या नावाचे एक जुने सभागृह होते. तेथे उद्यानविद्येवर व्याख्याने होत. देखभालीवाचून ते खचत गेले आणि २०१७ साली पाडले गेले. बंगलोरातील कित्येक जुनी झाडेही रस्तारुंदीपायी आणि मेट्रोपायी गेली.

येथे आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. केलेले काम टिकते ते निगराणीवर. झाड लावणे एका दिवसाचे काम आहे, जगविणे तीन उन्हाळ्यांचे. बी गादीवाफ्यात उगवायचे, रोप पिशवीत चढवायचे, सावलीतून हळूहळू उन्हाला सरावायचे, खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा, पाऊस लागला की लावायचे, गुराढोरांपासून कठड्याने राखायचे, आळे करायचे, आणि पुढे चैत्र-वैशाखात पाणी चुकू द्यायचे नाही. ह्यातले एकही पाऊल साहेबाच्या नकाशाने पडत नाही. ते ज्यांनी टाकले त्या बडोद्याच्या आणि लालबागेच्या माळ्यांची, मोट हाकणाऱ्यांची, गवत खुरपणाऱ्या बायांची नावे रस्त्यांना दिलेली नाहीत. क्रुंबिगेल ह्यांचा मोठेपणा ह्याने उणा होत नाही. उलट त्यांनी माळीकामाला शाळा दिली म्हणूनच आम्ही त्यांचे नाव घेतो.

आपल्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या रोजंदारी माळ्यांचे प्रकरण आमच्या संघटनेकडे आले होते. आषाढात झाडे लावण्याचा समारंभ होई, फोटो निघत आणि कार्तिकात ह्या माळ्यांची नावे हजेरीपटावरून उतरत. होळीपर्यंत रोपांच्या काड्या होत. पुढल्या आषाढात त्याच खड्ड्यांत पुन्हा समारंभ. आमचे म्हणणे एवढेच होते की माळी बारा महिने ठेवा. त्याचा पगार रोपांच्या नव्या खरेदीपेक्षा स्वस्त पडेल. पुष्कळ झगड्यानंतर काहींना बारमाही काम मिळाले. त्यांच्याकडे जो रस्ता होता त्यावरची झाडे आज माणसाच्या डोक्यावर गेली आहेत.

बडनेऱ्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. येथे बंगलोरची नक्कल करून भागणार नाही. पण क्रुंबिगेल ह्यांचे वेळापत्रक आपल्या झाडांनी भरून काढता येईल. माघात काटेसावर, फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंबाचा मोहर, वैशाखात बहावा, ज्येष्ठात गुलमोहोर, पावसाळ्यात कदंब आणि शरदात बूच. गुलमोहोर सोडला तर ही सारी आपल्या हवेला चांगली सरावलेली झाडे आहेत. गुलमोहोरही परक्याचा आता घरचाच झाला आहे.

म्हणून आमची ह्या गावच्या नागरिकांस विनंती आहे की स्टेशनापासून गावात येणारा एक तरी रस्ता ह्या रीतीने लावून घ्यावा, आणि झाडांच्या खर्चाच्या कागदावर पहिली रक्कम माळ्याच्या तीन वर्षांच्या पगाराची मांडावी. रोपांची रक्कम तिच्याखाली लिहिली तरी चालेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.