बोल्ट, लिव्हर की पंप? परवान्यावरच्या एका रकान्याची कुळकथा

ब्रिटनमध्ये रायफलचा परवाना मागणाऱ्याला नुसतं ‘रायफल हवी’ म्हणून चालत नाही. नळीचा बोअर (आतला व्यास) किती, हत्यार कोणत्या जातीचं आणि त्याची ‘ॲक्शन’ कोणती, हेही लिहावं लागतं. बोल्ट, लिव्हर की आणखी काही? एक गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर काढून नवं काडतूस नळीत बसवायचं आणि मागची बाजू घट्ट बंद करायची, हे काम बंदूक कशी करते, त्याला ॲक्शन म्हणतात. दुसऱ्या शब्दांत, दोन गोळ्यांच्या मध्ये माणसाच्या हाताला किती काम उरतं, हे सरकार विचारत असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. तेव्हा जवळजवळ सगळ्याच बंदुका ठासणीच्या: तोंडाकडून दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं. जर्मनीतल्या योहान निकोलाउस ड्रायझे नावाच्या कारागिराने मागून भरायची बंदूक केली. दाराचा अडसर सरकवावा तसा तिचा लोखंडी दांडा मागे ओढायचा, काडतूस आत ठेवायचं, दांडा पुढे ढकलून खाली वळवायचा. प्रशियाच्या सैन्याने ती 1841 मध्ये स्वीकारली. 1866 मध्ये कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभं राहून ठासत होते आणि समोरचे प्रशियन जमिनीवर पडून भराभर गोळ्या झाडत होते. ठासणीचे दिवस भरल्याची खूणगाठ युरोपातल्या सेनापतींनी तिथेच बांधली. पुढे पाउल माउझरने या दांड्याला इतकं पक्कं रूप दिलं, की त्याच्या 1898 च्या रायफलची घडण आजही शिकारी रायफलींमध्ये ओळखू येते. बोल्ट ॲक्शनचं घराणं ते हे.

अमेरिकेतली शाखा वेगळी. तिथे 1860 च्या सुमाराला स्पेन्सर आणि हेन्री या रायफली आल्या, मागोमाग विंचेस्टर. चापाखालची कडी खाली-वर केली की पुंगळी बाहेर, काडतूस आत. लिव्हर ॲक्शन ती हीच. त्या शतकाच्या अखेरीस नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवायची पंप ॲक्शन आली. जॉन ब्राउनिंगने तिच्यावर बरंच काम केलं. इथे अर्ज भरणाऱ्याची फसगत होण्यासारखी एक जागा आहे. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्रीलाही चापाखाली लिव्हर होती, पण तिच्यात एकावेळी एकच काडतूस मावायचं आणि तेही हातानेच भरायचं. लिव्हर दिसली म्हणून तिला विंचेस्टरच्या रांगेत बसवणं बरोबर नाही.

हाताला उरलेलं थोडं कामही यंत्राने उचललं. हायरम मॅक्सिमने 1880 च्या दशकात गोळीचा धक्काच पुढचं काडतूस भरायला वापरून मशीनगन केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिकाऱ्यांसाठी सेल्फ-लोडिंग रायफली बाजारात आल्या: चाप एकदा ओढला की एक गोळी, भरणं मात्र आपोआप. म्हणजे आज त्या रकान्यात लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक नोंदी 1910 पूर्वीच जन्मल्या होत्या.

कायद्याला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. ब्रिटनच्या 1870 च्या कायद्याने दहा शिलिंग भरून घेतले की काम भागत होतं. 1903 च्या कायद्याने पिस्तुलाच्या नळीची लांबी मोजली. 1920 मध्ये पोलिसांच्या संमतीचं प्रमाणपत्र आलं, तरी साध्या रायफलीत काडतूस कसं शिरतं याने परवाना अडत नव्हता.

19 ऑगस्ट 1987 ला हंगरफर्ड या इंग्लिश गावात एका परवानाधारकाने 16 जणांना ठार केलं. त्याच्याकडच्या सेल्फ-लोडिंग रायफली परवान्यावरच्या होत्या. 1988 च्या दुरुस्तीने, .22 रिमफायर या लहान काडतुसाच्या रायफलींचा अपवाद ठेवून, सेल्फ-लोडिंग आणि पंप ॲक्शन रायफली बंद केल्या. लिव्हर ॲक्शन राहिली. सरावलेल्या हातात लिव्हर काही फार मागे पडत नाही, त्यामुळे ही रेघ थोडी मर्जीनेच ओढल्यासारखी वाटते. रेघ ओढली, की कारागीर तिच्या अगदी कडेला जाऊन उभे राहतात. गोळीचा वायू पुंगळी बाहेर फेकेल, पण पुढचं काडतूस आत जायला एक खटका दाबावा लागेल, अशा रायफली निघाल्या. 2019 च्या कायद्याने त्याही बंद झाल्या.

ऑस्ट्रेलियात तर एका बंदुकीने सगळी वर्गवारी हलवली. पोर्ट आर्थरच्या 1996 च्या हत्याकांडानंतर तिथे ॲक्शनप्रमाणे वर्ग ठरले. लिव्हर शॉटगन जुनाट म्हणून सौम्य वर्गात होती. मग तुर्की बनावटीची, सात काडतुसांची ॲडलर आली आणि मोठा वाद पेटला. डिसेंबर 2016 मध्ये तोड निघाली: पाचपेक्षा जास्त काडतुसं मावत असतील तर सर्वांत कडक वर्ग.

भारतात गाडी बोअरवर अडली. इंग्रजांना धास्ती होती ती फौजेचं .303 काडतूस लोकांच्या बंदुकीत चालण्याची. म्हणून शिकाऱ्यांसाठी .315 बोअर रुळला आणि ईशापूरच्या कारखान्याने स्वातंत्र्यानंतरही तो चालू ठेवला. 1962 च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तीच धास्ती दिसत होती: फौजी काडतूस चालणारी रायफल बोल्ट ॲक्शन असली तरी वरच्या, कडक वर्गात, साधी .22 रायफल खालच्या वर्गात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच बोअरच्या रायफलने. त्या स्पर्धेत प्रत्येक काडतूस हातानेच भरायचं असतं.

आपल्याकडच्या बारा बोअरच्या परवान्यांवर ॲक्शनच्या जागी ‘एसबीबीएल’, ‘डीबीबीएल’, ‘एसबीएमएल’ अशी अक्षरं असतात. नळ्या एक की दोन, आणि भरायची मागून की तोंडाकडून, एवढंच ती सांगतात. कोनिगग्रेट्झला निकालात निघालेला प्रश्न इथे अजून विचारला जातो, आणि तो अगदीच निरर्थकही नाही. सिंधुदुर्गात वानर आणि रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेल्या ठासणीच्या बंदुका आजही परवान्यावर आहेत. निवडणूक लागली की त्याही पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, आणि ऐन पिकात बंदूक नेता म्हणून शेतकरी दर वेळी सवलतीचा अर्ज घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात.