कोकमठाणचें देऊळ व त्याचा राखणदार

युरोपांतील थोर देवालयांस स्वतःचा वास्तुविशारद असतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या इमारतीची देखरेख १६९८ पासून १७२३ त मृत्यु येईपर्यंत ख्रिस्तोफर रेन याजकडे होती. आमच्या देवळांस पुजारी असतो, गुरव असतो, इनामहि असतें. पण चिरा कोठें सरकला हें पाहणारा मनुष्य नेमण्याची चाल नाहीं. मग हें काम केलें कोणीं?

कोपरगांव म्हटलें कीं आम्हांस राघोबादादांचा वाडा आणि १७८३ सालचा त्यांचा शेवट आठवतो. पण गांवाजवळच गोदावरीच्या कांठीं कोकमठाण येथें महादेवाचें जें देऊळ आहे, तें पेशवाईहून कितीतरी जुनें. खालीं दगड आणि वर विटांचें शिखर, अशी त्याची बांधणी. अशा देवळांस सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळें होण्याची आपली रीत आहे. त्यानें हेमाद्रीची कीर्ति वाढते, देवळाची माहिती वाढत नाहीं.

ती माहिती गोळा करणारा पुरुष म्हणजे हेन्री कझिन्स. १८५४ त जन्मलेला हा गृहस्थ पश्चिम हिंदुस्थानच्या पुराणवस्तु खात्यांत जेम्स बर्जेस यांच्या हाताखालीं आला, आणि पुढें खात्याचा प्रमुख होऊन १९१० त निवृत्त झाला. मुंबई इलाख्यांतील जुन्या अवशेषांची त्यानें सुधारलेली यादी १८९७ त निघाली. परंतु यादी करणें निराळें आणि देऊळ राखणें निराळें. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा व्हावयास १९०४ साल उजाडावें लागलें. विजापुरास तर मशिदींत डाकबंगला व टपालकचेरी थाटली होती. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत त्या उठल्या. राज्यकर्त्यांनींच असा वापर केल्यावर खेडेगांवच्या भाविकांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

तरी दोष आहेच. विटेच्या शिखराचा खरा शत्रु मूर्तिभंजक नव्हे, पिंपळाचें रोप होय. पांखरानें टाकलेलें बीं सांध्यांत रुजतें, मुळी चुन्यांत शिरते, आणि पावसाचें पाणी त्याच वाटेनें आंत उतरतें. बोटभर असतांना जें हातानें उपटतां येतें, तें मोठें झाल्यावर ओढलें तर विटाच घेऊन येतें. गांवकरी भक्तीनें रंग चढवितात, गुळगुळीत गिलावा करतात. जुनें कोरीव काम त्याखालीं बुजतें. खात्याचें धोरण याच्या उलट: आहे तें टिकवावें, नाहींसें झालें तें कल्पनेनें उभारूं नये. १९२३ त जॉन मार्शल यांनीं हा नियम पुस्तकरूपानें घालून दिला. आम्हांस हें धोरण मान्य आहे. मात्र ज्या देवळांत घंटा वाजते तें केवळ अवशेष मानल्यास गांवाचें मन तुटतें, हेंहि खात्यानें ध्यानीं ठेवावें.

कझिन्सनंतर त्या जागेवर देवदत्त रामकृष्ण भांडारकर बसले. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील कझिन्सचा ग्रंथ निवृत्तीनंतर एकवीस वर्षांनीं, १९३१ त, प्रसिद्ध झाला. त्यांत सिन्नरच्या गोंदेश्वराबरोबर कोकमठाणासहि जागा मिळाली. दोन वर्षांनीं कझिन्स वारला. देऊळ आज केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत मोडतें.