पावगडची जमीन: विकली नाही, भाड्यानं दिली

सध्या गावोगावी सोलरसाठी जमीन विचारत माणसं फिरतायत, म्हणून कर्नाटकातल्या पावगडचा इतिहास थोडक्यात सांगतो.

तुमकूर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. भुईमूग पेरायचा, पावसानं दगा दिला की माणसं बंगळुरूची वाट धरायची. २०१५ साली तिथं सोलर पार्कचं काम हाती घेतलं. पाच गावांची मिळून सुमारे १३,००० एकर जमीन लागणार होती. ती विकत न घेता भाड्यानं घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २८ वर्षं. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. मार्च २०१८ मध्ये उद्घाटन झालं, २०१९ च्या अखेरीस पूर्ण २,०५० मेगावॅट सुरू झालं.

ज्याची जमीन जास्त, त्याची पावसाची चिंता मिटली. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याला भाडं कसलं? खुरपणी-काढणीची मजुरी गेली, मेंढरांचं रान कुंपणाआड गेलं. थोड्यांना पॅनल धुण्याचं, गवत काढायचं, राखणदारीचं काम मिळालं, तेवढंच.

आपल्याकडं सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी १,२५,००० रुपये भाडं अन् वर्षाला ३ टक्के वाढ आहे. दर पावगडपेक्षा बरा. पण करार पिढीभराचा असतो. सही करण्याआधी कागदात बघा: भाडं कोणत्या महिन्यात जमा होणार, कंपनी बदलली तर कोण देणार, मुदत संपल्यावर खांब अन् काँक्रीट कोण काढणार. आणि रोजानं येणाऱ्या मजुरांचं काय, हे ग्रामसभेत विचारा.